व्हिडिओनंतरचा प्रश्न महत्त्वाचा
स्मार्ट बोर्डावर ॲनिमेशन दाखवलं की धडा मुलांच्या डोक्यात पक्का बसतो, असं अनेक जण म्हणतात, पण ते मत मला पटत नाही. पाहताना समजल्यासारखं वाटतं, पण टिकतं ते स्वतः आठवून काढलेलं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे सरस ठरले.

म्हणून व्हिडिओनंतर प्रत्येक मुलाला प्रश्न विचारायला हवा, आणि त्यासाठी प्लिकर्स हे ॲप कामी येतं. मुलांच्या हातात फक्त छापील कार्ड. त्याची कोणती बाजू वर धरली यावरून उत्तर ठरतं आणि शिक्षकाचा मोबाइल सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. आमच्या जिल्हा परिषद शाळेत एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं तेव्हा एरवी माना डोलावणाऱ्या कितीतरी मुलांनी चतुर्थांश निवडला. उत्तर न सांगता मी म्हटलं, शेजारच्याला पटवून द्या, आणि मग पुन्हा कार्डं वर करायला लावली. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली पद्धत हीच. त्या दोन फेऱ्यांमधला गोंगाट कृपा करून थांबवू नका. बाईंपेक्षा बाकावरच्या मैत्रिणीचं म्हणणं मुलांना लवकर कळतं.