लठ्ठ रुग्णाचा पोर्ट: टाका घालायचा की सोडायचा?

टाकेवाला
दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत १० मिमी किंवा त्याहून मोठ्या पोर्टच्या (हत्यारे आत नेण्यासाठी पोटाला पाडलेल्या भोकाच्या) फेशियाला (पोटाच्या भिंतीतल्या चिवट पडद्याला) टाका घालायचा, हे प्रत्येक रेसिडेंटला पाठ असते. बीएमआय ४० च्या पुढे गेला की मात्र ‘चरबी फार आहे, काही दिसत नाही, सोड’ असे सुरू होते. माझे म्हणणे नेमके उलटे. अशा पोटात आतला दाब कायमच चढा असतो. भूल उतरताना रुग्ण खोकला की १२ मिमीच्या भोकात ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) शिरते, नाहीतर आतड्याची एक बाजू अडकते. हाच रिक्टर हर्निया. आतड्याची पोकळी पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे वारा सरतो, कधी शौचही होते. वर सहा-सात सेंटिमीटर चरबी असल्याने फुगवटा हाताला लागतच नाही. उलट्यांवरून संशय येऊन सीटी होईपर्यंत अडकलेला भाग काळा पडलेला असू शकतो.

तिरकस
सरसकट नियम नको. पात्याचा ट्रोकार (भोक पाडून बसवायची टोकदार नळी) तंतू कापतो, बिनपात्याचा ते बाजूला सारतो. काढल्यावर भोक बरेच आवळते. मध्यरेषा सोडून, रेक्टस स्नायूतून तिरका घातला तर फेशियाच्या पुढच्या आणि मागच्या थराची भोके समोरासमोर येत नाहीत. बॅरिॲट्रिकचे (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे) कित्येक सर्जन असे पोर्ट शिवत नाहीत, ते काही आळशी नव्हेत. टाकाही फुकटात पडत नाही: मज्जातंतू अडकला तर महिनोन्महिने टोचते, इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिकला (पोटाच्या भिंतीतल्या धमनीला) सुई लागली तर रक्तगाठ.

टाकेवाला
तिरका मार्ग कागदावर छान दिसतो. जाड भिंतीत पोर्ट घट्ट बसतो आणि दीड-दोन तास त्यावर जोर देऊन हत्यारे फिरवली की बिनपात्याचे भोकही रुंदावते. स्लीव्हमध्ये (जठर कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत) जठराचा तुकडा ज्या पोर्टमधून ओढून काढता, तो तर तुम्हीच ताणून मोठा केलेला असतो.

तिरकस
तो शिवाच. बेंबीचाही शिवा, तिथे फेशिया मुळातच कच्ची. माझा आक्षेप बाजूच्या, न ताणलेल्या १२ मिमी पोर्टपुरता आहे.

गाठ_सैल_नको
घालावा की नाही यापेक्षा कसा घातला हे जास्त महत्त्वाचे. एस रिट्रॅक्टर (जखम फाकवून धरणारे हत्यार) लावून वरून शिवताना सुई चरबीतल्या स्कार्पाच्या पडद्यात जाते. तो पांढरा दिसतो, टाका धरतो, गाठही छान बसते. खाली भोक उघडेच. पुढचा थर खरोखर सापडला तरी पेरिटोनियम (पोटाचे आतले अस्तर) सुटते, आणि आतडे त्या दोन थरांमध्ये शिरते.

म्हणून आतून बघत शिवावे. ५ मिमीची दुर्बीण दुसऱ्या पोर्टमधून, गॅसचा दाब ८ ते १० मिमी पाऱ्यावर. सुचर पासर (दोरा आत नेणारे सुईसारखे हत्यार) त्याच त्वचेच्या छेदातून घाला, पण उभा धरू नका. उभा धरला तर तो भोकातच उतरतो. टोक बाहेर कललेले हवे, म्हणजे कडेपासून १ सेंमीवर फेशिया आणि पेरिटोनियम दोन्ही येतात. दोरा आत सोडा, समोरच्या बाजूने तसाच शिरून तो वर ओढा. दोन्ही टोके ताणून आत काही अडकले नाही ना ते पाहा, मग गॅस सोडून गाठ. गाठ बोटाने किंवा नॉट पुशरने (गाठ खाली ढकलणाऱ्या दांड्याने) फेशियापर्यंत न्या. चरबीत लटकलेली गाठ म्हणजे टाका नाहीच.

दोरा शून्य नंबरचा. पॉलिग्लॅक्टिनच्या विरघळणाऱ्या दोऱ्याची ताकद साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. लठ्ठ मधुमेहीत मी जास्त काळ ताकद टिकवणाऱ्या पॉलिडायॉक्सॅनोनच्या बाजूचा.

तिरकस
आतून बघत, हे मान्य. पण तेवढ्याच सक्तीने ट्रोकार काढतानाही बघा. त्याची गॅसची झडप बंद ठेवून ओढला की चोखला जाऊन ओमेंटम मागोमाग भोकात येते. ते तसेच ठेवून वर टाका घातलात, तर हर्निया तुम्ही स्वतःच शिवून दिलात.

टाकेवाला
झडपेचे बरोबर. बाजूच्या १२ मिमीवर मात्र मी हटत नाही. पासर हाताशी असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.