मदत हवी आहे: 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या संचातले कलाकार, त्यांचे आपसातले संबंध आणि पुढची कारकीर्द

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्याच्या दिवाळी अंकासाठी 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळकथांच्या मूळ मालिकेतल्या (१९६६ ते १९६९) कलाकारांवर मोठा लेख लिहितेय. कथानकं, यानं, ग्रह यांवर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते या सात-आठ माणसांचं एकमेकांशी कसं जमलं, कसं बिनसलं आणि मालिका बंद पडल्यावर त्यांचं काय झालं, यावर. काही ठिकाणी अडलेय, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे मी कुठवर आलेय ते कळेल.

मालिका तीन हंगाम आणि ७९ भागांत आटोपली. ती खरी घराघरांत पोचली पुनर्प्रक्षेपणांमुळे, आणि नेमक्या त्याच काळात तिच्या कलाकारांना कामं मिळेनाशी झाली. निर्मात्यांना जेम्स डूहानमध्ये यानाचा अभियंता स्कॉटीच दिसायचा. त्या काळच्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणाचं मानधनही ठरावीक फेऱ्यांनंतर थांबायचं. चाहत्यांच्या संमेलनांना (पहिलं मोठं न्यूयॉर्कला, जानेवारी १९७२) ही मंडळी वर्षानुवर्षं का जात राहिली, ते या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की समजतं.

वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालंय. या माणसांतली नाती सेटवरच्या गप्पागोष्टींवर ठरली नाहीत. कामाची आणि पैशाची वाटणी चालू असताना कोण कोणासाठी उभं राहिलं, यावर ती ठरली. म्हणून लेखाच्या मध्यभागी मला स्पॉक साकारणारा लेनर्ड निमॉय ठेवायचाय. १९७३ मध्ये मालिकेची ॲनिमेशन आवृत्ती निघाली तेव्हा पैसे वाचवायला जॉर्ज टाकेई (सुलू) आणि निशेल निकोल्स (उहुरा) यांना वगळून त्यांच्या पात्रांचे आवाज इतरांकडून करून घ्यायचं ठरलं होतं. हे दोघं नसतील तर मीही नाही, असं निमॉयने सांगितलं आणि दोघांना काम मिळालं. निकोल्सला सहकाऱ्यांपेक्षा कमी पैसे मिळतात हे कळल्यावर निमॉयने वर जाऊन ते बदलायला लावलं, अशी आठवण चेकॉव्हचं काम करणाऱ्या वॉल्टर केनिगने सांगितली आहे. स्वतः केनिग ॲनिमेशनमधून गळलाच, पण त्याने त्या मालिकेचा एक भाग लिहिला.

टाकेई आणि केनिग यांची गोष्ट तर मला फार आवडते. दुसऱ्या हंगामात टाकेई एका युद्धपटाच्या चित्रीकरणात अडकला, आणि त्याच्या वाट्याचे कितीतरी संवाद नव्याने आलेल्या केनिगकडे गेले. परत आल्यावर टाकेईला या माणसाचा रागच होता. पुढे १४ सप्टेंबर २००८ ला टाकेईने ब्रॅड ऑल्टमनशी लग्न केलं, तेव्हा त्याच्या बाजूला उभा होता केनिग, आणि सोबत निकोल्स. त्या दिवशी केनिगचा वाढदिवसही होता. कर्णधार कर्क झालेला विल्यम शॅटनर त्या लग्नाला नव्हता. आमंत्रण पाठवलं होतं असं टाकेईचं म्हणणं, मिळालंच नाही असं शॅटनरचं.

आता माझे प्रश्न.

१. शॅटनर आणि निमॉय यांच्यात शेवटी काय झालं? दोघांचे जन्म चार दिवसांच्या अंतराने, मार्च १९३१ मधले, दोघंही ज्यू कुटुंबांतले. 'स्टार ट्रेक'च्या आधी, १९६४ मध्ये, 'द मॅन फ्रॉम अंकल'च्या एका भागात एकत्र. करारात एकाला मिळेल ते दुसऱ्यालाही मिळावं असं कलम होतं, त्यामुळे मालिकेवरून निघालेल्या चित्रपटांपैकी तिसरा आणि चौथा निमॉयने दिग्दर्शित केल्यावर पाचवा (१९८९) शॅटनरकडे गेला. इतकं जवळचं नातं असून अखेरच्या वर्षांत निमॉय बोलेनासा झाला आणि कारण मला कळलंच नाही, असं शॅटनरने २०१६ च्या पुस्तकात लिहिलंय. निमॉयच्या घरच्यांची बाजू कुठे वाचायला मिळेल?

२. डॉक्टर मॅकॉय झालेल्या डिफॉरेस्ट केलीवर कोणी सविस्तर वाचलंय का? सगळ्यांशी चांगले संबंध असलेला हाच एक माणूस, आणि नंतरचं काम मात्र सर्वांत कमी.

३. पर्सिस खंबाटा. मुंबईची मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, १९७९ च्या पहिल्या चित्रपटात डोकं भादरून इलिया झाली, १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात मंचावर होती. त्याच वर्षी जर्मनीत मोठा अपघात, १९८३ मध्ये हृदयशस्त्रक्रिया, मग मुंबईत परत. १९९८ मध्ये गेली तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. तिच्यावर मराठीत आलेली कात्रणं, मुलाखती कोणाकडे असतील तर फार उपकार होतील. आपल्याकडे तिची आठवण फक्त त्या मुंडण केलेल्या डोक्यापुरती उरलीय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

४. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका पाहिलेल्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहा.

धन्यवाद.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नासाठी निमॉयच्या मुलाचं, ॲडमचं लेखन वाचा. त्याचा २०१६ चा 'फॉर द लव्ह ऑफ स्पॉक' हा माहितीपट आणि २०२४ चं आत्मचरित्र. बाप म्हणून निमॉय किती अवघड होता, त्याचं दारूचं व्यसन, वर्षानुवर्षांचा अबोला आणि नंतर जुळलेलं नातं हे सगळं त्यात आहे. ते वाचल्यावर तुमचा निमॉय जरा कमी सरळ होईल, पण लेख चांगला होईल.

शॅटनरबद्दल एक विनंती. १९९३ च्या आठवणींच्या पुस्तकासाठी तो निकोल्सला भेटायला गेला, तेव्हा तो सहकाऱ्यांशी कसा वागायचा हे तिने त्याला तोंडावर सुनावलं, आणि त्याने ते छापलंसुद्धा. हे त्याच्या बाजूनेही धरा. बाकी टी. जे. हूकर, बॉस्टन लीगल या मालिका, दोन एमी पुरस्कार, नव्वदाव्या वर्षी अंतराळात उड्डाण (ऑक्टोबर २०२१) हे सगळ्यांना माहीत आहे, दोन ओळींत उरका.

प्रतिसाद २

केलीबद्दल: तो मूळचा वेस्टर्नपटांचा माणूस, बहुतेकदा खलनायक. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चकमकीवरच्या 'गनफाइट ॲट द ओ. के. कोरल' (१९५७) या चित्रपटामध्ये तो मॉर्गन अर्प होता, आणि 'स्टार ट्रेक'च्या तिसऱ्या हंगामात त्याच चकमकीवरच्या भागात तो अर्प बंधूंच्या समोर उभा! मालिकेनंतर त्याने फारशी धावाधाव केली नाही. १९८७ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेच्या पहिल्या भागात म्हातारा मॅकॉय म्हणून तो येतो, तो छोटा प्रसंग जरूर पाहा. १९९९ मध्ये मुख्य संचातला सर्वांत आधी तोच गेला.

आणि ताई, निकोल्सचं नासासाठीचं काम सोडू नका. १९७७ पासून तिने स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर व्हायला अर्ज करावेत म्हणून देशभर फिरून प्रचार केला. १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत पहिल्यांदाच सहा स्त्रिया होत्या. इतर कोणाच्याही 'पुढच्या कारकिर्दी'पेक्षा मला ही मोठी वाटते.

प्रतिसाद ३

खंबाटाने स्वतः १९९७ मध्ये 'प्राइड ऑफ इंडिया' हे मिस इंडियांवरचं पुस्तक काढलं होतं, तिथून सुरुवात करा. ती १८ ऑगस्ट १९९८ ला गेली, म्हणजे त्यापुढच्या दोन-चार दिवसांची मराठी दैनिकं पाहायला हवीत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, जाताना तारखा कागदावर लिहून न्या, शोधणाऱ्याला सोपं जातं.

ग्रेस ली व्हिटनी राहिली तुमच्या यादीत. यानावरची कर्मचारी जॅनिस रँड ती करायची; पहिल्याच हंगामात तिला काढलं. आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार आणि नंतरचं व्यसन याबद्दल तिने १९९८ च्या आत्मचरित्रात लिहिलंय. कोण कोणासाठी उभं राहिलं हाच तुमचा मुद्दा असेल, तर तिला वगळून लेख पुरा होणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. व्हिटनीला स्वतंत्र विभाग देतेय, आणि निकोल्सचा भाग वाढवून लेखात बराच वर आणतेय. शॅटनरबद्दलची सूचना पटली. टाकेईच्या लग्नाचा वाद तीन ओळींत आणते, कारण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून लहानपणी अमेरिकी नजरकैद-छावण्यांत काढलेली वर्षं, त्यावरचं ब्रॉडवेवरचं संगीत नाटक 'अलिजन्स' (२०१५) आणि २०१९ चं चित्रपुस्तक यांना जागा हवी.

दादरला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. टाकेईचं आत्मचरित्र 'टू द स्टार्स' पुण्यात कोणाकडे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. घरी येऊन नेईन आणि वाचून परत आणून देईन. दूरदर्शनच्या आठवणी अजून कोणीच लिहिल्या नाहीत, त्यांची वाट पाहतेय.