खासगी प्रसारणाला मुभा नसताना १९९२ साली झी टीव्ही सुरू कसा झाला?

आडवाट :

नमस्कार. भारतातील उपग्रह वाहिन्यांच्या इतिहासाविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार तार आणि बिनतारी यंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडेच होता आणि दूरदर्शनची मक्तेदारी त्याच आधारावर उभी होती. असे असताना २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे मुंबई दूरदर्शन केंद्राला वीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, झी टीव्ही ही खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत देशभर पोहोचली. तिला परवानगी कोणी दिली? दिली नसेल, तर सरकारने ती बंद का केली नाही? ‘उदारीकरण झाले आणि वाहिन्या आल्या’ असे नेहमी सांगितले जाते, परंतु १९९१ च्या आर्थिक निर्णयांत प्रसारण खुले केल्याचे मला कुठेही आढळले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दूरचित्र :

आपली शंका रास्त आहे. परवानगी कोणी दिली नाही, कारण ती मागण्याची वेळच आली नाही. तार कायद्याचा अंमल भारताच्या भूमीवरून होणाऱ्या प्रक्षेपणावर चालत होता. परदेशातून उपग्रहाकडे पाठवलेल्या आणि तिथून भारतावर उतरणाऱ्या लहरींचा विचार १८८५ साली होणे शक्यच नव्हते.

ही संधी ज्या उपग्रहामुळे मिळाली, त्याची कथा विलक्षण आहे. वेस्टार-६ नावाचा अमेरिकी उपग्रह १९८४ साली चुकीच्या कक्षेत अडकला आणि निरुपयोगी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतराळयानातून गेलेल्या अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले. दुरुस्तीनंतर तोच उपग्रह हाँगकाँगच्या कंपनीने घेतला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने एशियासॅट-१ या नावाने तो अवकाशात गेला. १९९१ साली हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने त्यावरून इंग्रजी व चिनी वाहिन्या सुरू केल्या आणि उपग्रहाच्या दक्षिणेकडील झोतात भारत आपोआप आला. झीचे संस्थापक सुभाष चंद्रा यांनी याच उपग्रहावर जागा भाड्याने घेतली. तांदळाचा व्यापार, टूथपेस्टच्या नळ्यांचा कारखाना आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड या त्यांच्या आधीच्या उद्योगांत प्रसारणाचा काहीही संबंध नव्हता.

पुढची रचना कायद्याला ओलांडून जाणारी नव्हती, ती त्याच्या हद्दीबाहेरून जाणारी होती. प्रसारण करणारी एशिया टुडे ही कंपनी भारताबाहेर नोंदवलेली होती. भारतात असलेली झी टेलिफिल्म्स कार्यक्रम तयार करून तिला पुरवत असे. मुद्रित टेप विमानाने हाँगकाँगला जात, तिथून उपग्रहाकडे आणि उपग्रहावरून पुन्हा इथल्या प्रेक्षकांकडे. मुंबईत चित्रित झालेला कार्यक्रम मुंबईतल्याच घरात दिसण्यासाठी आधी समुद्र ओलांडत होता. साहजिकच ताज्या घडामोडींचे थेट प्रक्षेपण या पद्धतीने शक्य नव्हते, आणि सुरुवातीच्या काळात मालिका, गप्पा, गाणी व चित्रपट यांवरच वाहिनीचा भर का राहिला, याचे एक कारण मला यातच दिसते.

रेघोट्या :

दूरचित्र यांनी आकाशातली बाजू मांडली आहे. माझ्या मते मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर गच्चीवर आणि जिन्यात आहे. उपग्रहाचा सिग्नल घेण्यासाठी काही फूट व्यासाची मोठी डिश लागे आणि ती घरोघरी परवडणारी नव्हती. ज्यांना आपण केबलवाले म्हणतो, त्यांनी ही अडचण सोडवली. ऐंशीच्या दशकातच मुंबईसारख्या शहरांत एका खोलीत व्हीसीआर ठेवून इमारतीभर तारा टाकण्याचा आणि रोज चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय सुरू झाला होता. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये सीएनएनवर दिसू लागली आणि डिशचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले. आधीच टाकलेल्या त्याच तारांना एक डिश जोडली की विनामूल्य उपलब्ध असलेल्या परदेशी वाहिन्या शे-दोनशे घरांत पोहोचत. मात्र त्यात भारतीय भाषेतले काहीच नव्हते. हिंदी वाहिनी येताच केबलवाल्याला विकण्यासारखी वस्तू मिळाली आणि वाहिनीला एक पैसाही न गुंतवता देशभराचे जाळे मिळाले.

त्या काळात मी उपनगरातल्या एका केबलवाल्याकडे जोडण्या करण्याचे काम करत असे. गच्चीवरून सोडलेली काळी कोअॅक्सियल तार एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर, मध्ये झाड असल्यास फांदीला बांधून, नेली जाई. तारेच्या लांबीबरोबर सिग्नल क्षीण होत जाई, म्हणून ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर बसवावा लागे आणि त्याला वीज जिन्यातल्या एखाद्या घरातून मिळे. त्या घराला केबल फुकट. जुन्या टीव्ही संचांना मोजकीच बटणे असत. त्यामुळे नियंत्रण खोलीत कोणती वाहिनी कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, लावायची, हा केबलवाल्याचा निर्णय वाहिनीच्या दृष्टीने फार मोलाचा होता. वरच्या बँडवर ढकललेली वाहिनी कित्येक घरांत दिसतच नसे.

आता सरकारने हे बंद का केले नाही, याविषयी. कायदा अगदी निरुपाय नव्हता. राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ साली केबलचे जाळेही तार कायद्याच्या कक्षेत येते आणि त्याला परवाना लागतो, असा निर्णय दिला होता. परंतु तोपर्यंत हजारो लहान व्यावसायिक आणि लाखो घरे या तारांना जोडली गेली होती. त्या तारा कापणे कोणत्याच सरकारला राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. अखेर सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९५ साली केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायदा झाला. केबलवाल्याने मुख्य टपाल कार्यालयात जाऊन नोंदणी करायची, ही त्यातली तरतूद होती. जे आधीच घडून गेले होते, त्याची ती नोंद होती, असे मी म्हणेन.

आडवाट :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रक्षेपण बाहेरून आणि वितरण दुसऱ्याच्या तारांवरून, हे आता स्पष्ट झाले. यातून एक उपप्रश्न निघतो. केबलवाला घरोघरी दरमहा पैसे घेत होता, त्यातला वाटा वाहिनीला मिळत होता का?

सह्यकडा :

सुरुवातीला वाहिनी विनामूल्य होती, त्यामुळे वाट्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सशुल्क वाहिन्या आल्या, तरी केबलवाला आपल्याकडील जोडण्या प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी दाखवत असे आणि त्या मोजण्याचे कोणतेही साधन वाहिनीकडे नव्हते. ही गळती थांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न, म्हणजे पैसे भरणाऱ्या घरालाच सशुल्क वाहिनी दिसू देणाऱ्या सेट-टॉप बॉक्सची सक्ती, २००२ च्या कायदादुरुस्तीनंतरही फारसा पुढे सरकला नाही. मुंबई-दिल्लीत डिजिटल केबल सक्तीची झाली ती ऑक्टोबर २०१२ अखेरीस. म्हणजे पहिली वीस वर्षे या व्यवसायाची भिस्त मुख्यतः जाहिरातींवर राहिली आणि जाहिरातदाराला ज्या घटकाचे जास्तीत जास्त प्रेक्षक हवे होते, त्याच्या पसंतीप्रमाणे कार्यक्रम ठरत गेले. ‘तारा’, ‘अंताक्षरी’, ‘सा रे ग म’, ‘हम पांच’ यांनी नव्वदच्या दशकात दूरदर्शनला न जमलेला मोकळेपणा आणला, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु ग्रामीण प्रश्न, शेती, विज्ञान या विषयांना या रचनेत जागा मिळणे अवघडच होते, आणि ही उणीव मला आजही सलते.

मालकीविषयी थोडक्यात लिहितो. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा मोठा हिस्सा घेतला आणि वर्षअखेरीस एशिया टुडेतही जवळपास निम्मी भागीदारी मिळवली. भागीदारही तेच आणि प्रतिस्पर्धीही तेच, अशी ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती. १९९९ साली झीने तो हिस्सा विकत घेऊन फारकत घेतली. त्यामुळे स्टार प्लसला हिंदीत पूर्णपणे उतरण्याची मोकळीक मिळाली आणि जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाल्यानंतर झीचे अग्रस्थान गेले. याच सुमारास, १५ ऑगस्ट १९९९ रोजी, अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली. तीच २००५ पासून झी मराठी या नावाने ओळखली जाते.

दूरचित्र :

सह्यकडा यांच्या प्रतिसादात कायद्याच्या अंगाने एक भर घालतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला. वाद १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि सरकारची त्यावर मक्तेदारी असू शकत नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वेळी, लहरी सार्वजनिक असल्यामुळे त्यांचे नियमन एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे, असेही न्यायालयाने सांगितले होते. २००० साली खासगी कंपन्यांना भारतातूनच अपलिंक केंद्रे, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारी केंद्रे, उभारण्याची मुभा मिळाली आणि टेप परदेशी पाठवण्याची गरज संपली. परवानगीचे अधिकार मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिले, आणि न्यायालयाला अभिप्रेत असलेली ती स्वायत्त संस्था अद्याप अस्तित्वात आलेली नाही.