मदत हवी आहे: लग्नाला आठ महिने, आणि दर महिन्याला सहा हजारांचा खड्डा

नमस्कार. वाचक जुनी आहे, पण आयडी नवा काढलाय. आमच्या दोन्हीकडचे दोघं-तिघं इथे पडीक असतात. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लग्न मे महिन्यात झालं. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ भाड्याचा वन बीएचके आहे. नवरा अंबड एमआयडीसीत कंत्राटदाराकडून सीएनसी मशीनवर. मी शरणपूर रोडला एका सीएंच्या ऑफिसात टॅली बघते, म्हणजे दिवसभर लोकांचे हिशोब पैशापैशाने जुळवते आणि रात्री स्वतःचा मांडला की रडू येतं.

आधी आकडे देते, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत तेच विचारलं जाईल. त्याच्या हातात २३,५०० येतात. ओव्हरटाइम होता तेव्हा एकोणतीस-तीसपर्यंत जायचे, तो दोन महिन्यांपासून बंद. माझे १३,०००. एकूण ३६,५००. आता जाणारे: भाडं ९,०००, लग्नाच्या पर्सनल लोनचा हप्ता ११,१३२ (चार लाख, १५ टक्के, चार वर्षं), फ्रिज-वॉशिंग मशीन-पलंग-गादी मिळून ३,२५०, गाडी २,९००, क्रेडिट कार्डाची मिनिमम रक्कम ३,१००, किराणा-दूध-भाजी-गॅस ७,५००, पेट्रोल २,५००, लाइट आणि मोबाइल १,५००, गावी नानांच्या (सासऱ्यांच्या) गोळ्यांना २,०००. बेरीज ४२,८८२. खड्डा ६,३८२ रुपयांचा.

तो खड्डा कुठून भरला जातोय हे मला दिवाळीनंतर कळलं. किराणा कार्डावर, पेट्रोल कार्डावर, नणंदेची भाऊबीजेची साडी कार्डावर. कार्ड ६२,००० वर गेलंय आणि याने मला सांगितलं नव्हतं. वर आणखी एक. लोनचा हप्ता ५ तारखेला कटतो, याचा पगार १० ला होतो. मधले पाच दिवस काढायला याने मोबाइलवरच्या एका ॲपवरून पाच हजार घेतले. हातात पडले ४,१००, पंधरा दिवसांनी भरायचे ५,६००. ते फेडले आणि ॲप मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. भांडण झालं ते झालं, त्याबद्दल सल्ला नकोय.

सल्ला हवाय तो पाटल्यांबद्दल. माहेरून मला दोन पाटल्या घातल्यात, एकेक तोळ्याची एक. एक गहाण टाकली तर कार्ड मोकळं होतं. पण पाटल्या आहेत गावी, निफाडकडे, सासूबाईंच्या कपाटात. ‘शहरात भाड्याच्या घरात कशाला सोनं’ म्हणून लग्नाच्या चौथ्या दिवशी ठेवून घेतल्या. तेव्हा मलाही ते पटलं होतं. आता मागायच्या तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर लोनचा विषय निघणार. आणि त्या लोनचे अर्धे हप्ते ‘कांदा विकला की आम्ही देऊ’ असं नानांनीच बैठकीत सांगितलं होतं. उन्हाळ कांदा निम्मा चाळीत सडला. लाल कांदा निघतोय, पण तो पैसा आता उन्हाळच्या लागवडीत, मजुरीत चाललाय. त्यांच्याकडे मागायला माझी जीभ रेटत नाही आणि याची तर मुळीच नाही.

पहिली संक्रांत आहे. सासूबाईंनी गावात हळदीकुंकू ठेवलंय, काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं. त्या दिवशी पाटल्या घालायला मिळणारच. येताना हातात तशाच राहू द्याव्यात आणि सोमवारी गुपचूप बँक गाठावी, असं मनात आलंय. चूक आहे का हे?

घरमालकही अकरा महिने संपत आल्यावर ‘कुंभमेळा येतोय, भाडी वाढणार’ म्हणायला लागलेत. मेळा २०२७ चा, भाडं आत्ताच वाढवायचंय.

कृपया ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ कोणी लिहू नका. अंथरूणच हप्त्यावर आहे.

प्रतिसाद:
रविवारची मिसळ, बाहेरचा चहा बंद करून बघा. थेंबे थेंबे तळे साचे.

धागाकर्ती:
महिन्यातून दोनदा, दर वेळी दोघांत मिळून अडीचशे. ती बंद केली तर खड्डा ५,८८२ चा होईल आणि आम्ही एकमेकांशी बोलणं बंद करू. मिसळ राहणार.

प्रतिसाद:
मी सातपूरला तीस वर्षं काढली. ओव्हरटाइम धरून हप्ता ठरवायचा नसतो, हे आम्हीही ठेच लागूनच शिकलो, त्यामुळे नवऱ्याला फार बोलू नका. तुमचं सगळ्यात महाग कर्ज लग्नाचं नाही, कार्डाचं आहे. महिना साडेतीन टक्के धरा. ६२,००० वर २,१७० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०. तुम्ही ३,१०० भरता त्यातले साडेपाचशेसुद्धा मुद्दलात जात नाहीत. आणि बाकी ठेवलीत की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. सोनेतारण बँकेत वर्षाला नऊ-दहा टक्क्यांत मिळायला हरकत नाही. म्हणजे तेवढ्याच रकमेवर महिना पाचशेच्या आसपास. पाटली ठेवाच. पण त्याच दिवशी कार्ड कात्रीने कापा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरी पाटली जाईल.

दुसरं, हप्त्याची तारीख ५ वरून १२ करून द्या असा लेखी अर्ज बँकेत द्या. बऱ्याच बँका करतात. मुदत वाढवून हप्ता कमी होतो का तेही विचारा. एकूण व्याज वाढेल, पण आत्ता श्वास मिळेल. हप्ता चुकवू मात्र नका. खात्याची बँक आणि कर्ज देणारी बँक, दोन्हीकडून दंड बसतो आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागतो.

प्रतिसाद:
वकील आहे म्हणून एवढंच. माहेरून घातलेलं सोनं स्त्रीधन आहे, मालकी तुमची एकटीची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा सांगितलंय की ती नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्यामुळे ‘गुपचूप’ हा शब्द कायद्याने तुम्हाला लागत नाही. घरात लागतो की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि पुढे कधी वसुलीचे फोन आलेच तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी करायलाही.

प्रतिसाद:
ताई, गुपचूप नेऊ नका. मी नेलं होतं. सासूबाईंना कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून, आणि बारा वर्षं झाली तरी प्रत्येक लग्नात माझ्या गळ्याकडे बघतात. पैसे कधीच फिटले. आणि सांगायचं नवऱ्याने. तुम्ही फक्त शेजारी बसा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल रात्री याला धागा वाचायला दिला. ‘तीस वर्षं सातपूर’वाल्या काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग म्हणाला, आईला मी सांगतो, नानांना आत्ता नको.

धागाकर्ती (संक्रांतीनंतर):
आदल्या दिवशीच एसटीने गेलो. माझं अर्धं तिकीट, याचं पूर्ण, तो वाटभर त्यावरूनच चिडवत होता. जेवणं झाल्यावर चुलीपाशी याने सगळं सांगितलं, ॲपचंसुद्धा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं रागावल्या. बाहेर आल्या त्या डबी घेऊन. म्हणाल्या, ‘एकच ने. दुसरी उद्या हातात घाल. कोणी विचारलं तर सांग, जोडीची पॉलिशला टाकलीय.’ मग लाडक्या बहिणीचे साठवलेले साडेचार हजार याच्या हातात ठेवायला लागल्या. याने घेतले नाहीत, तेव्हा माझ्या पिशवीत तिळगुळाच्या डब्याखाली सापडले, पण ते नाशिकला आल्यावर.

हळदीकुंकवाला चौघींनी विचारलं. चौघींना पॉलिश सांगितलं.

कार्ड कापलंय. तारीख बदलण्याचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. घरमालकांना सांगितलं की करार संपेपर्यंत जुनंच भाडं, पुढचं पुढे बघू. खड्डा पूर्ण बुजत नाही हे मला कळतंय. मी संध्याकाळी दोन दुकानांचे जीएसटीचे हिशोब घरी बसून करून द्यायचं बोलणं लावलंय, त्याचे साडेतीन हजार येतील.

आता एक अडचण. पाटलीची पावती माझ्या भावाच्या नावाची आहे. बँक चालवून घेते का? भावाला सांगायचं नाहीये.

प्रतिसाद:
पावती तुमच्या नावाची नसली तरी मालकीचं घोषणापत्र लिहून देता येतं, भावाला आणायची गरज नाही. आधार, पॅन, दोन फोटो न्या. घडणावळ धरत नाहीत, फक्त सोन्याचं वजन, खडे असतील तर तेही वजा. वजन आणि कॅरेट पावतीवर नीट लिहून घ्या. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जाऊ नका, बँक बंद असते.