सल्ला न देणं हाच उपचाराचा भाग
समुपदेशक सल्ला देत नाहीत, नुसतं ऐकतात, यावर ‘आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला सरळ सांगावं लागतं, नुसतं ऐकून काय होतं,’ असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९५७ मध्ये मांडलं ते असं: विनाअट स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि समुपदेशकाचा स्वतःचा खरेपणा, यांतून माणूस बदलतो. भाऊ गेल्यावर परभणीत वहिनीला जो तो ‘लेकरांकडं बघून सावर’ म्हणायचा. समुपदेशक ताईंनी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत वहिनी बोलली, तेही गेलेल्या नवऱ्यावरच्या, म्हणजे माझ्या भावावरच्या रागाबद्दल! घरात तो राग कुणी ऐकूनच घेतला नसता.

मात्र भास होत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.