मदत हवी आहे: वडिलांचं प्रोस्टेट कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन, नंतर लघवीचा त्रास किती राहतो? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना (आम्ही तात्या म्हणतो, वय ६७) प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) तपासला, तो ११.४ आला. मग एमआरआय, बायोप्सी. ग्लीसन स्कोअर (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) ३+४. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (कॅन्सर पसरलाय का ते बघणारा स्कॅन) प्रोस्टेटच्या बाहेर काही दिसलेलं नाही. युरोलॉजिस्टनी रोबोटिक पद्धतीने प्रोस्टेट काढायचा सल्ला दिलाय. बायोप्सीनंतरची सूज उतरेपर्यंत काही आठवडे थांबायचं आहे, तोवर आम्हाला ठरवायचंय.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबागवाले. तात्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, बाकी माणूस खणखणीत. ऑपरेशनला ते घाबरत नाहीत. धास्ती आहे ती ताबा जाण्याची. "चार माणसांत पायजमा ओला झाला तर मी घराबाहेर पडायचो नाही," असं आईजवळ बोलले. माझ्याजवळ नाही, आणि डॉक्टरांजवळ तर नाहीच. ओपीडीत "काही शंका आहे का?" विचारल्यावर मान हलवून उठले. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी आहे तसं सांगा. धीर द्यायला म्हणून कमी करून सांगू नका, त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

गळती साधारण किती महिने राहते? व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून करायचे का? नाशिकमध्येच करावं की मुंबईला न्यावं? मुंबईला केलं तर लघवीची नळी (कॅथेटर) लावलेली असताना कसारा घाटातून गाडीने परत आणणं झेपेल का? ऑक्टोबर छाटणी तोंडावर असेल, तेव्हा ट्रॅक्टरवर बसू नका म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, म्हणून नेमकी मुदत हवी आहे. आणि रेडिएशनचा पर्याय कोणी निवडला असेल तर तेही लिहा. पोरगा म्हणून विचारायला जड जातं, पण आईबाबांच्या नात्यावर काय परिणाम होतो हेही कोणीतरी सांगायला हवं.

गंगापूर_रोडकर:
मी स्वतः यातून गेलोय, त्यामुळे तात्यांना हे वाचून दाखवा. नळी साधारण ७ ते १० दिवस असते. ती निघाल्यावर पहिले काही आठवडे गळती होतेच. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, की झाली ओली. रात्रीचं लवकर सुधारतं, दिवसाचं उशिरा. बहुतेकांचं ३ महिने ते वर्षभरात बरंच ताब्यात येतं, थोड्यांचं राहतं. पॅड लावून मी लग्नकार्यं केली, कोणाला कळलं नाही. ओटीपोटाच्या तळाशी लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम (कीगल) आजच फिजिओकडून शिका, पण नळी असेपर्यंत करायचे नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: नळी तुंबली किंवा निसटली तर गावातल्या दवाखान्यात दुसरी घालून घेऊ नका. मूत्राशय आणि मूत्रमार्गाचा आतला जोड कच्चा असतो. थेट ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन. ताप आला किंवा पोटरी सुजली तरी तसंच. म्हणून माझं मत, पहिले आठवडे राहायला सर्जनच्या जवळ जागा हवी. नळी असताना लांबचा प्रवास होतो, पण थांबत, पिशवी रिकामी करत, पाय हलवत.

रोबोट स्वतः काही करत नाही, कन्सोलवर बसलेला सर्जन करतो. ब्रिस्बेनमध्ये उघडं आणि रोबोटिक ऑपरेशन यांची तुलना झाली, त्यात दोन वर्षांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हींकडे सारखीच निघाली. रोबोटिकमध्ये रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. म्हणून मशीनपेक्षा सर्जनने अशी किती ऑपरेशन्स केलीत ते विचारा, आणि प्रोस्टेटला लागून असलेल्या, ताठरतेच्या नसा वाचवता येतील का तेही. नसा वाचल्या तरी ताठरता परत यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, शुगर असेल तर जास्तच अवघड. हे दोघांना एकत्र बसवून डॉक्टरांकडूनच सांगवा.

वजन उचलणं ६ आठवडे बंद, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल सर्जनने हो म्हटल्याशिवाय नाही, कारण दणका थेट त्याच जागी बसतो. छाटणी यंदा बांधावर खुर्ची टाकून बघावी.

मखमलाबादची_सून:
आमच्या सासऱ्यांनी रेडिएशन घेतलं, सोबत हार्मोनची इंजेक्शनं. गळती नाही, पण जळजळ आणि शौचाचा त्रास काही काळ झाला. ठरवण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा. मेडिक्लेम असेल तर रोबोटिकला वेगळी मर्यादा लावलेली असते का, ते पॉलिसीत आधी बघा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काका, तात्यांना वाचून दाखवलं. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणतायत. चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पॅड नाशिकमध्ये कुठले चांगले मिळतात, तेवढं कोणी सांगितलं तर बरं होईल.