कापूर संप्लवनशील आहे, तर आरतीच्या वेळी तो वितळतो कसा?

शंकासूर:
'स्थायूचे द्रवात रूपांतर न होता थेट वायूत रूपांतर होणे म्हणजे संप्लवन, उदाहरणार्थ कापूर', ही व्याख्या माझ्या मुलाने पाठ केली आणि त्याच संध्याकाळी कापूरआरतीत पेटलेल्या वडीच्या बुडाशी पाण्यासारखा द्रव खदखदताना मला दाखवला. हा द्रव कापराचाच आहे, की वडीत मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा? शिवाय कापराच्या डबीत चार मिरी टाकली की कापूर उडत नाही, असे आमच्या सासूबाई सांगतात. त्याला काही आधार आहे का?

रसायनी:
तो द्रव कापराचाच आहे आणि आपल्या मुलाचे निरीक्षण अचूक आहे. कापूर सुमारे 175 ते 180 अंश सेल्सिअसला वितळतो आणि 205 ते 210 अंशांच्या दरम्यान उकळतो. म्हणजे त्याची द्रव अवस्था जेमतेम तीस अंशांच्या पट्ट्यात मावते, आणि ज्योतीखाली तापलेली वडी नेमकी याच पट्ट्यात येते.

कोणताही स्थायू तापवला की त्याचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून सुटणाऱ्या वाफेचा दाब, वाढत जातो. द्रवणांक, म्हणजे वितळण्याचे तापमान, येण्यापूर्वीच हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला, तर पदार्थ वितळण्याआधीच पूर्णपणे वायू होऊन निघून जातो. शुष्क बर्फाचे, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, असेच होते. त्याला द्रव व्हायला हवेच्या दाबाच्या पाचपटींहून थोडा अधिक दाब लागतो, म्हणून उघड्यावर तो उणे 78.5 अंशांना सरळ वायू होतो आणि टेबल कोरडेच राहते. कापराचा बाष्पदाब द्रवणांकाला पाऱ्याच्या सुमारे 370 मिलिमीटर असतो, तर हवेचा 760. हा दाब हवेच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे कापूर वितळू शकतो. पण स्थायूसाठी तो इतका मोठा आहे की साध्या खोलीतही वडी हळूहळू झिजत राहते. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थालीनचा हाच आकडा अवघा 7 आहे, तरीही कपाटातल्या गोळ्या काही महिन्यांत वाटाण्याएवढ्या होतात.

जुने मास्तर:
वरील उत्तराशी सहमत आहे. व्याख्या चुकीची नाही; 'कापूर' या उदाहरणापुढे 'खोलीच्या तापमानाला' हे शब्द हवे होते, आणि ते गाळल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना कापराला द्रवरूप नसतेच असे वाटत आले आहे. मीही सुरुवातीची काही वर्षे तसेच शिकवले.

माझी खरी तक्रार नवसागराबद्दल, म्हणजे अमोनियम क्लोराइडबद्दल, आहे. वाळू आणि नवसागर बशीत तापवून वर उलटे नरसाळे ठेवायचे, हा प्रयोग आपण सर्वांनी केला असेल. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तर तो प्रयोग लगेच पटतो. परंतु तेथे केवळ अवस्था बदलत नाही. नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते, आणि थंड भागावर ते पुन्हा संयोग पावून नवसागर तयार होतो. संप्लवनाचे उदाहरण म्हणून त्यापेक्षा आयोडीन किंवा कापूरच बरा.

शंकासूर:
दोघांचेही आभार. आता आणखी एक गोष्ट लक्षात आली. खिडकीतल्या डबीच्या एकाच बाजूला आतून बारीक चकचकीत कण चिकटले आहेत. हाही कापूरच का?

रसायनी:
होय. उन्हाकडच्या बाजूचा कापूर वायू होतो आणि थंड बाजूला पुन्हा थेट स्थायू होऊन बसतो. या उलट बदलाला निक्षेपण म्हणतात. डबी दुसऱ्या बाजूने फिरवून ठेवा. काही दिवसांत कणही जागा बदलू लागतील. मुलाला दाखवायला हा प्रयोग उत्तम आहे. कापूर गॅसवर वितळवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते.

मिऱ्यांविषयी: घट्ट झाकणाच्या डबीत आतील हवा कापराच्या वाफेने संपृक्त झाली, की जितका कापूर उडतो तितकाच परत जमतो आणि वडीचे वजन टिकते. झाकण सैल असेल तर वाफ सतत बाहेर जाते आणि वडीही झिजत राहते. म्हणून सासूबाईंची मिरी खुशाल राहू द्या, पण झाकणाची फिरकी आधी तपासा.